दक्षिणा, भाऊबीज आणि हक्क

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास आजवर मुख्यत्वे विचारांचा आणि विरोधाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर फेकले गेलेले शेण, आनंदीबाई जोशी यांनी ओलांडलेला समुद्र, पंडिता रमाबाईंवर उठलेले वादळ, धोंडो केशव कर्वे यांच्यावर मुरुडकरांनी घातलेला बहिष्कार या घटनांभोवती हा इतिहास फिरतो आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु या सर्वांच्या मुळाशी एक साधा, काहीसा रूक्ष वाटणारा प्रश्न असतो आणि इतिहासकार त्याच्याकडे सहसा वळत नाहीत. पैसे कोणी दिले? बोटीचे भाडे, परीक्षेची फी, वसतिगृहातील जेवणाचा खर्च, थंडीच्या प्रदेशात लागणारे लोकरीचे कपडे ही सारी बेरीज कोणाच्या वहीत मांडली गेली?

हा प्रश्न मुलांच्या बाबतीत वेगळ्या रीतीने सुटत असे. मुलाच्या शिक्षणासाठी बापाने काढलेले कर्ज त्याच्या नोकरीतून फिटे आणि अनेकदा त्याआधीच हुंड्यातून फिटे. मुलगी मात्र परक्याचे धन. तिच्यावर केलेला खर्च माहेरच्या दृष्टीने वाया गेलेला आणि सासरच्या दृष्टीने अनावश्यक. विधवेच्या बाबतीत तर तिच्यावर खर्च करावा असे कोणतेच घर उरलेले नसे. म्हणून एकोणिसाव्या शतकात ज्या स्त्रिया पुढे शिकल्या, त्यांच्या शिक्षणाचा पैसा बहुतेक वेळा घराबाहेरून आला. तो आपोआप आला नाही, मागावा लागला. मागण्यासाठी पत्रे लिहावी लागली, भाषणे करावी लागली, ग्रंथ रचावे लागले. मराठी स्त्रियांच्या आरंभीच्या गद्यलेखनाचा आणि वक्तृत्वाचा एक मोठा भाग या मागणीतून जन्मला आहे. त्या पैशाला वेळोवेळी मिळालेली नावे पाहिली तर देणाऱ्याचे आणि घेणारीचे नाते कसे पालटत गेले, याचा आलेखच हाती येतो.

*

आरंभ करावयाचा तो ‘दक्षिणा’ या शब्दापासून. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी सुरू केलेला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा परिपाठ पुढे पेशव्यांनी पुण्यास आणला. श्रावणमासात पर्वतीच्या पायथ्याशी, रमण्यात, दूरदूरच्या प्रांतांतून आलेले शास्त्री-पंडित जमत आणि विद्येच्या तारतम्याने द्रव्य घेऊन परतत. विद्येसाठी राज्याच्या खजिन्यातून पैसा द्यावयाचा, ही कल्पना महाराष्ट्रात इंग्रजांनी आणलेली नाही. ती रमण्यात रुजलेली होती. मात्र तिथे उभे राहण्याचा अधिकार एका वर्णाच्या पुरुषांपुरता होता. दक्षिणा ही विद्येला होती हे खरे, पण विद्या कोणाची हे आधीच ठरलेले होते.

पेशवाई बुडाल्यानंतर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ही रक्कम एकदम बंद केली नाही. तिच्यातील काही भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. पुढे याच पाठशाळेतून डेक्कन कॉलेजची परंपरा निघाली. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने काही सुशिक्षित तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की, दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. या अर्जाने पुण्यात मोठा क्षोभ उसळला आणि अर्जदारांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत जोतीराव फुले होते. अखेरीस दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. पुढे महाविद्यालयांतून दक्षिणा फेलोशिपा सुरू झाल्या आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर, महादेव गोविंद रानडे यांच्यासारखे तरुण त्यांचे मानकरी झाले. जोतीरावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महार-मांगादी मुलांमुलींसाठी चालविलेल्या शाळांनाही दक्षिणा निधीतून मासिक साहाय्य मिळाले. रमण्यातील द्रव्याची वाट अशी हळूहळू पालटत होती.

याच शाळांतील मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. महार-मांगांच्या दुःखाविषयी त्यात तिने ज्या धारदारपणे प्रश्न विचारले आहेत, त्यांचा उल्लेख आज दलित स्त्रीलेखनाच्या प्रत्येक इतिहासात होतो. परंतु या निबंधानंतर तिचे नाव वाङ्मयाच्या इतिहासातून दिसेनासे होते. शाळेपर्यंतची वाट कोणी तरी बांधली होती. शाळेच्या पुढे चालण्यासाठी जे द्रव्यबळ लागते, ते त्या काळात मांगाच्या मुलीसाठी कोठेच नव्हते. पुढील कथेतील यशस्विनींची नावे वाचताना हे रिकामे स्थान नजरेआड होऊ देता कामा नये.

*

आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षणासाठी मदतीची पहिली याचना त्यांच्या पतीने केली. पोस्टखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांनी आपल्या पत्नीला अमेरिकेत शिकता यावे म्हणून रेव्हरंड वाइल्डर यांना पत्र लिहिले. वाइल्डर यांनी ते आपल्या मासिकात छापले आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास साहाय्याचा विचार होऊ शकेल अशा आशयाचे उत्तर दिले. विद्या मिळेल, पण धर्म द्यावा लागेल, असा हा सौदा होता. तो जोशी दांपत्याने नाकारला. तथापि ते छापील पत्र न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आले आणि तिने कसलीही अट न घालता आनंदीबाईंना आपल्या घरी बोलावले. एका पत्राला मिळालेली ही दोन उत्तरे स्त्रीशिक्षणाच्या अर्थकारणातील दोन प्रवृत्ती दाखवितात. एक देण्याआधी किंमत ठरविते, दुसरी देऊन मोकळी होते. त्यानंतरच्या शंभर वर्षांत मराठी स्त्रियांना या दोन्ही प्रवृत्तींची पुन्हापुन्हा गाठ पडली.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण करून आपण अमेरिकेस का जातो याचे जाहीर स्पष्टीकरण दिले. हिंदुस्थानात हिंदू स्त्रीवैद्यांची गरज आहे आणि आपण हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीला आपल्या शिक्षणाचे असे जाहीर समर्थन करावे लागले, याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. त्याच काळात विलायतेस निघालेल्या तरुणाला प्रायश्चित्ताची चिंता असे. मी का शिकतो, हे त्याला सभा भरवून सांगावे लागत नव्हते. आनंदीबाईंचे अंगावरचे दागिने विकले गेले, पोस्टखात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याने वर्गणी जमविली आणि एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला आणि महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात जागाही देऊ केली. शिक्षणाबरोबर पुढील व्यवसायाचीही तजवीज व्हावी, असा हा दुर्मीळ योग होता. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. शिष्यवृत्तीने फी भरली जाते. परदेशातील थंडी, अपुरे अन्न आणि खालावणारी प्रकृती यांचा भार मात्र विद्यार्थिनीलाच सोसावा लागतो.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंची रीत निराळी होती. त्यांच्यासाठी पत्र लिहिणारा पती नव्हता. १८८२ मध्येच त्यांना वैधव्य आले होते. त्याच वर्षी त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक मराठीत लिहिले आणि त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशाच्या बळावर १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. मराठी स्त्रीने पुस्तक लिहून आपल्या परदेशातील शिक्षणाचे भाडे भरावे, ही आपल्या वाङ्मयेतिहासातील एक विलक्षण घटना आहे. या पुस्तकातील उपदेशपर सूर आजच्या वाचकाला जुना वाटतो आणि रमाबाईंच्या पुढील लेखनाशी तो विसंगतही भासतो. परंतु हे पुस्तक तेव्हाच्या मराठी घरात शिरावयाचे होते आणि विकले जावयाचे होते, हे जाणून वाचले तर त्या सुराचे कारण काही अंशी उमगते.

१८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी ग्रंथाचे प्रयोजन तर उघडच होते. उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी निधी उभा करणे. बॉडलीबाईंनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि नुकत्याच निवर्तलेल्या आनंदीबाईंचे स्मरण त्यात जागविले. एका मराठी स्त्रीचा मृत्यू दुसरीच्या कार्याचे आवाहन झाला. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले आणि अमेरिकेतील गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ नावाची वर्गणीदार मंडळे निघाली. या पैशातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले.

येथेही अट होती, परंतु ती वाइल्डरच्या उलट होती. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळावी, असे ठरले होते. रमाबाईंच्या प्रार्थनेस मुली बसू लागल्या तेव्हा पुण्यात गहजब झाला आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरादी सल्लागारांनी अंग काढून घेतले. या वादात रमाबाईंची बाजू कितपत योग्य, यावर मतभेद राहतील. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. पुण्यातील ज्या वृत्तपत्रांनी धर्मांतराच्या भीतीने इतके रान उठविले, त्यांच्या वाचकवर्गाने तोवर विधवांच्या शिक्षणासाठी अशी एकही संस्था उभी केलेली नव्हती. अमेरिकेतील अनोळखी बायका वर्षाला डॉलर देत होत्या आणि पुणे मते देत होते. हे उणेपण ज्यांना खऱ्या अर्थाने बोचले, त्यांत धोंडो केशव कर्वे होते. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी विवाह केला.

*

उदार व्यक्तींच्या दयेपेक्षा नियमबद्ध सरकारी शिष्यवृत्ती श्रेष्ठ, कारण तेथे गुण पाहिले जातात, असे कोणी म्हणेल. त्याला कॉर्नेलिया सोराबजी यांचे उदाहरण हे उत्तर आहे. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजातून पदवी परीक्षेत पहिल्या आल्या. या यशाबरोबर इंग्लंडमधील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्तीचा मान येत होता. तो त्यांना नाकारण्यात आला आणि कारण एवढेच की, त्या स्त्री होत्या. नियम करणाऱ्यांच्या कल्पनेतच विद्यार्थिनी आलेली नव्हती. हा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला, पण निर्णय बदलला नाही. त्याच कॉर्नेलिया दरम्यानच्या काळात अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवीत होत्या. पुरुषांना शिकविण्याची योग्यता त्यांच्याकडे होती, पुरुषांसाठी राखलेली शिष्यवृत्ती घेण्याची नव्हती. अखेर लेडी हॉबहाउस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले, फ्लॉरेन्स नाइटिंगेल प्रभृतींनी वर्गणी दिली आणि १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र १९२२ मध्ये हाती आली, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्याच देत नसे. हक्काने मिळावयाचे ते नाकारले गेले आणि तेवढेच मेहेरबानी म्हणून मिळाले. रक्कम कदाचित सारखीच असेल. पण पहिल्या वाटेने गेलेल्याला कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. दुसऱ्या वाटेने गेलेलीला जन्मभर मानावे लागतात.

वैद्यकीय शिक्षणात मात्र स्त्रियांना तुलनेने लवकर द्रव्यसाहाय्य मिळू लागले आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पडद्यातील आणि सोवळ्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेत नाहीत, म्हणून स्त्रीडॉक्टर हव्यात, हा युक्तिवाद सनातन्यांनाही खोडता येत नव्हता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी स्त्रीशिक्षिकांबरोबर स्त्रीवैद्यांची गरज आग्रहाने मांडली. मुंबईत जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी उभारलेल्या निधीच्या प्रयत्नांतून ग्रँट मेडिकल कॉलेजची दारे १८८३ मध्ये स्त्रियांना उघडली. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाचा देशव्यापी निधी सुरू झाला. लादलेल्या विवाहाविरुद्ध न्यायालयात झुंजलेल्या रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या त्या तेथील हितचिंतकांच्या मदतीने, आणि परत येऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली. तथापि या साऱ्या साहाय्यामागचे तर्कशास्त्र एकच होते : स्त्रीने शिकावे, कारण तिच्या शिक्षणाचा उपयोग इतरांना आहे. केवळ जिज्ञासेपोटी तिला तत्त्वज्ञान किंवा गणित शिकावयाचे असेल, तर त्यासाठी कोणाची थैली सुटत नव्हती.

*

कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्यास नेला, तेव्हा त्यांच्यासमोर रमाबाईंचा अनुभव होता. पैसा परदेशातून आणला तर वाद ओढवतो. तो घरोघरून आणला तर घरेच संस्थेची होतात. गणिताचा हा प्राध्यापक आण्या-रुपयांच्या वर्गण्या गोळा करीत गावोगाव हिंडला. त्यांच्या संस्थेतून उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांत पार्वतीबाई आठवले अग्रगण्य होत. त्या गोदूबाईंच्या, म्हणजे आता आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांच्या, धाकट्या भगिनी. तरुणपणी वैधव्य आलेल्या, हिंगण्यास उशिरा अक्षरओळख वाढविलेल्या या बाईंनी झोळी घेऊन महाराष्ट्र पालथा घातला. १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, तेथे लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले, संस्थेसाठी निधी मिळविला आणि १९२० मध्ये परतल्या. त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी आत्मचरित्रांत तिचे स्थान तिच्या साधेपणामुळे मानले जाते. पण ती एका भिक्षुकीचीही कहाणी आहे, आणि ही भिक्षुकी ज्या विधवेला मंगलकार्यात तोंड दाखविण्याची बंदी होती तिने केलेली आहे, हे तिचे खरे वेगळेपण होय.

संस्थेने वर्गणीला जे नाव दिले, ते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत कल्पक नाव म्हणावे लागेल : भाऊबीज निधी. दिवाळीच्या दिवसांत स्वयंसेवक घरोघरी जात आणि शिकणाऱ्या अनाथ भगिनीसाठी ओवाळणी मागत. दान देणाऱ्याला पुण्य लाभते आणि घेणाऱ्याच्या माथी ऋण बसते. ओवाळणीचे तसे नाही. भावाने बहिणीच्या ताटात घातलेल्या पैशाला कोणी उपकार म्हणत नाही. तो न घातला तर मात्र लोक नावे ठेवतात. परंपरेच्या पोटातूनच कर्तव्याची कल्पना काढून ती परक्या, निराधार स्त्रीपर्यंत ताणण्याचे हे कसब होते. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ओवाळणी बहिणीला मिळते, नागरिकाला नव्हे. भाऊ किती घालील, हे भावाच्या मर्जीवर राहते. आणि कोणाला बहीण मानावयाचे, हे ज्या समाजात जातीवरून ठरते, तेथे ओवाळणीचे ताट सर्व दारांपर्यंत पोहोचत नाही.

१९१६ मध्ये कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाविषयीच्या एका पुस्तिकेने त्यांना प्रेरणा दिली होती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. त्याच सुमारास पुण्यात, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ पासून चाललेल्या सेवासदनाने परिचारिका आणि शिक्षिका तयार करण्याचे काम हाती घेतले होते. शिक्षणाच्या शेवटी पगार असावा, हे सेवासदनाने पक्के ओळखले. विधवेला विद्या द्यावयाची आणि पुन्हा दिराच्या स्वयंपाकघरात पाठवावयाचे, तर त्या विद्येचे मोल काय?

*

रमण्यापासून निघालेला दक्षिणेचा धागा विसाव्या शतकात एका अनपेक्षित वळणावर पुन्हा दिसतो. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालेल्या इरावती करमरकर यांना मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी वृत्ती मिळाली. तिचे नाव दक्षिणा फेलोशिप. ज्या द्रव्यावर शतकापूर्वी केवळ ब्राह्मण पुरुषांचा हक्क होता, त्याच्या नावाची वृत्ती आता एका स्त्रीकडे आली आणि तिने त्या वृत्तीवर अभ्यास केला तो चित्पावन ब्राह्मणांचा. रमण्यात विद्येची परीक्षा घेतली जाणारा समाज येथे स्वतःच परीक्षेचा विषय झाला आणि परीक्षक होती एक तरुण बाई. इतिहास अशा उपरोधाची संधी क्वचितच साधतो.

पुढील टप्पा मात्र जुन्याच वळणाचा निघाला. कर्वे घराण्याची सून झालेल्या इरावतीबाईंना जर्मनीत संशोधनासाठी जावयाचे होते. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणारे त्यांचे सासरे या बेताला अनुकूल नव्हते. पती दिनकर कर्वे यांचा मात्र भक्कम पाठिंबा होता. काँग्रेसचे नेते डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. सुधारकाच्या घरातही उच्च संशोधनाची वेळ आली की स्त्रीला कर्जच काढावे लागे, ही गोष्ट कर्वे यांच्या थोरवीला उणेपणा आणीत नाही. स्त्रीला शिकवावे येथवर आलेला समाज, तिला हवे ते, हवे तेथे शिकू द्यावे, येथवर पोहोचण्यास एक पिढी कमी पडली, एवढेच त्यावरून दिसते. १९३९ मध्ये इरावतीबाई ज्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या, तेही विश्रामबागवाड्यातील त्या दक्षिणेवर पोसलेल्या पाठशाळेचे वारस होते.

कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांची कथा याच दशकातील. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तम यश मिळवूनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना प्रथम नकार मिळाला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मते स्त्रीला संशोधनात स्थान नव्हते. त्या हटून बसल्या, तेव्हा एक वर्षाच्या परीक्षणाच्या अटीवर प्रवेश मिळाला. ते वर्ष त्यांनी निष्कलंक पार पाडले आणि पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. कॉर्नेलियांनंतर अर्धे शतक उलटले, तरी गुणवत्तेच्या जोडीला स्त्रीकडून आणखी काही तरी मागितले जात होते. मागणीचे स्वरूप तेवढे बदलले होते.

*

गुणवत्तेवर वृत्ती द्यावी, हे तत्त्व न्याय्य दिसते. पण त्या न्यायातील त्रुटी जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात दाखवून दिली होती. स्पर्धेने शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत तत्त्वतः समतेची वाटली, तरी ज्या वर्गांत विद्येचा प्रवेशच झालेला नाही, त्यांच्यात शिक्षणाचा प्रसार तिच्यामुळे होत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी राखाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. शर्यतीत उभे राहण्यासाठी आधी मैदानापर्यंत पोहोचावे लागते, एवढी साधी गोष्ट ते सांगत होते. आनंदीबाई, रमाबाई, कॉर्नेलिया, इरावतीबाई यांच्या जिद्दीबद्दल शंका नाही. पण त्या प्रत्येकीच्या हाती पत्र लिहिण्याची भाषा होती, आणि त्या पत्राला उत्तर देणारे जग होते. मुक्ता साळवे यांच्यापाशी भाषा होती, जग नव्हते.

मध्यप्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात जाईबाई चौधरी यांनी हे जग स्वतः घडविण्याचा प्रयत्न केला. ओझी वाहणाऱ्या या दलित तरुणीला एका मिशनरी बाईने शिकण्याची संधी दिली आणि ती शिक्षिका झाली. अस्पृश्य बाई शिकविते म्हणून पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि तिची नोकरी गेली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिने संत चोखामेळ्यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. याच नागपुरात २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. तिच्या ठरावांत मुलींच्या शिक्षणासाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे काढावीत, अशी मागणी होती. या ठरावाची भाषा आतापर्यंतच्या सर्व भाषांहून वेगळी आहे. त्यात पत्रातील विनवणी नाही, भाषणातील समर्थन नाही, ओवाळणीची गोडीही नाही. शिकणे हा आपला अधिकार आणि त्याची तजवीज करणे हे राज्याचे कर्तव्य, असे गृहीत धरून तो लिहिलेला आहे. वाङ्मयप्रकार म्हणून ठराव कितीही कोरडा असो, मराठी स्त्रीच्या शिक्षणाच्या इतिहासात अर्जापासून ठरावापर्यंतचा हा प्रवास सर्वांत लांबचा होता.

स्वातंत्र्यानंतर राज्याने ही तजवीज टप्प्याटप्प्याने स्वीकारली. मागासवर्गीय विद्यार्थिनींसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची शालेय शिष्यवृत्ती महाराष्ट्रात सुरू झाली. खेड्यातील मुलींना शाळेसाठी एस. टी. चा मोफत पास मिळू लागला, आणि आनंदीबाईंच्या बोटीच्या भाड्याइतकेच या पासाचे महत्त्व आहे; पाच मैलांवरच्या शाळेपर्यंत न पोहोचलेली मुलगी विद्यापीठापर्यंत कशी पोहोचणार? विद्यापीठ अनुदान आयोगाने एकुलत्या एका मुलीसाठी असलेल्या संशोधनवृत्तीला सावित्रीबाई व जोतीराव यांचे नाव दिले. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे भरण्याचा निर्णय घेतला. कॉर्नेलियांना ज्या नियमाने वगळले, त्याच्या नेमका उलटा हा नियम आहे.

म्हणून समाधान मानावे, पण निश्चिंत होऊ नये. फी माफ झाली तरी खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रवास उरतोच. नागपूरच्या परिषदेने वसतिगृहे मागितली होती ती यासाठीच. शिष्यवृत्ती कोठे आहे, कोणत्या तारखेपर्यंत अर्ज करावयाचा, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला कोणाकडून आणावयाचा, हे ठाऊक असणे ही आजही एक मिरासच आहे आणि ती शिकलेल्या घरांकडेच अधिक असते. वाइल्डरची अट गेली, कागदपत्रांची आली. ज्या घरातील मुलगी पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढते आहे, त्या घरात हा अर्ज भरून देणारे कोणी नसेल, तर खजिन्यात ठेवलेला तिचा वाटा तेथेच पडून राहतो. जोतीरावांनी १८८२ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न त्यामुळे अजून निकालात निघालेला नाही. शिष्यवृत्ती किती जणींना मिळाली, हे दर वर्षी मोजले जाते. अर्जच न केलेल्या मुलींची गणती ज्या दिवशी सुरू होईल, त्या दिवशी रमण्याचे दार खऱ्या अर्थाने उघडले असे म्हणता येईल.